मेजरचा खांदा

वरपक्ष होण्याचा योग दामू तरेच्या नशिबी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी आला, आणि तोही कुत्र्यामुळे आला.

दामूला दोन मुली. थोरलीचं लग्न झालं होतं, धाकट्या रीमाचं जमवणं चालू होतं. त्यामुळे गेली सहा-सात वर्षं लोकांच्या दिवाणखान्यात खुर्चीच्या कडेवर बसायचं, समोरचा हसला की हसायचं आणि "तुम्ही म्हणाल तसं" म्हणायचं, एवढंच त्याच्या वाट्याला आलं होतं. अशा माणसाला एका सोमवारी कशेळीच्या गोदामात मॅनेजर भूपेशसरांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लोटून घ्यायला सांगितलं आणि विचारलं, "तरे, तुमच्या मेजरचं कुठे ठरलंय का हो?"

मेजर म्हणजे दामूचा लॅब्राडोर. रंग सायीसारखा, वय दीड वर्ष, आणि अंगाने असा की भिवंडीत त्याच्या जोडीचा दुसरा नाही, असं दामू स्वतःच सांगायचा. रोज सकाळी तो मेजरचा फोटो स्टेटसला ठेवी. भूपेशसरांच्या घरी रोझी नावाची लॅब्राडोर होती आणि सरांच्या मिसेस हेमालीमॅडम ते स्टेटस न चुकता बघत. त्यांना मुलगा पसंत होता.

खरं तर दामूला तिथेच हो म्हणायचं होतं. पण त्याच्या तोंडून निघालं, "घरी विचारून सांगतो." हे वाक्य त्याने आजवर दुसऱ्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते आपणही म्हणू शकतो या आनंदात तो डिस्पॅचच्या दोन चलनांचा माल चुकीच्या ट्रकवर चढवून बसला.

"घरी कोणाला विचारणार?" त्याची बायको रंजिता म्हणाली. "मेजरला?"

पण दामू आता ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. दोन दिवस त्याने सरांना उत्तरच दिलं नाही, कारण मुलाकडच्यांनी लगेच होकार दिला तर किंमत राहत नाही. तिसऱ्या दिवशी त्याने रोझीच्या आईवडिलांची चौकशी केली. बिल्डिंगमध्ये बातमी गेली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे विमा एजंट नरेंद्रभाऊ वर चढून आले आणि म्हणाले, "तरेसाहेब, पहिलं पिल्लू आपलं, आणि तेही आपण निवडणार. हे आत्ताच कबूल करून घ्या. एकदा तोरण लागलं की कोण विचारतंय?" दामूने गंभीरपणे मान हलवली. मुलाचा बाप म्हणून त्याच्या चेहऱ्यावर जी कळा चढली होती, ती रंजिताने शेवटची पाहिली होती ती स्वतःच्या लग्नात, शालू न आवडलेल्या सासऱ्यांच्या चेहऱ्यावर.

गुरुवारी हेमालीमॅडमचा मेसेज आला. अतिशय गोड मेसेज. मेजर त्यांना फार आवडला होता. फक्त हल्ली सगळे करतात तशी दोन्हीकडची तपासणी होऊन जाऊ दे, म्हणजे पिल्लांना पुढे त्रास नको. खुब्याचा, कोपराचा आणि खांद्याचा एक्स-रे.

'खांदा' हा शब्द वाचला आणि दामूने फोन उपडा ठेवला.

कारण मेजर लंगडत होता. उजवा पुढचा पाय तो जपून टाकायचा, आणि हे गेले दहा महिने चालू होतं. तऱ्यांच्या घरात मात्र 'लंगडणं' हा शब्द वापरायला बंदी होती. 'त्याची चालच तशी आहे' असं म्हणायचं. पावसाळ्यात 'गारठ्यामुळे' आणि उन्हाळ्यात 'फरशी तापल्यामुळे' असंही चालायचं. स्टेटसवरचे सगळे फोटो बसलेले होते. बसलेला मेजर फारच रुबाबदार दिसे, म्हणून दामू त्याला बसवूनच ठेवी.

तळमजल्यावर राहणाऱ्या संघरत्नाताई सरकारी इस्पितळात नर्स होत्या. त्यांनी हे पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. "दामूभाऊ, हा पाय जपतोय. डॉक्टरला दाखवा," त्या सरळ म्हणाल्या होत्या. दामूने त्यांना ऐकवलं की माणसांचं आणि कुत्र्यांचं शास्त्र वेगळं असतं. नरेंद्रभाऊंचं शास्त्र मात्र त्याला तंतोतंत पटलं होतं. ते असं, की मोठ्या जातीच्या पिल्लाला हाडं मोठी लागतात, हाडांना कॅल्शियम लागतं, म्हणून दूध-पोळीत कॅल्शियमची पावडर दोन वेळा, त्यावर सहा अंडी, आणि हे सगळं अंगी लागावं म्हणून जिना. चार मजले, दहा फेऱ्या. लिफ्ट बंद असल्याचा असा उपयोग सोसायटीत दुसऱ्या कोणीच केला नव्हता. पाच महिन्यांचं पिल्लू जीभ बाहेर काढून वरखाली पळायचं आणि दामू वरच्या मजल्यावर उभा राहून मोजायचा. आठव्या महिन्यात चाल बदलली, तेव्हा नरेंद्रभाऊ म्हणाले की हाडं वाढताना थोडं दुखणारच. दामूने पावडर दोनाची तीन वेळा केली.

तर आता एक्स-रे. दामूने विचार केला, एक्स-रे न काढता नुसतं सर्टिफिकेट मिळालं तर काय वाईट? म्हणून शुक्रवारी तो अर्धा दिवस रजा टाकून तालुक्याच्या सरकारी गुरांच्या दवाखान्यात गेला, मेजरला न घेता. तिथल्या कारकुनाने फॉर्म पुढे केला.

"बिल्ला नंबर?"

"कसला बिल्ला?"

"जनावराच्या कानातला."

"कुत्रा आहे हो. त्याच्या कानात बिल्ला नसतो."

"मग 'इतर' वर खूण करा. वेत कितवं?"

"तो नर आहे."

"बरं." कारकुनाने सहानुभूतीने रेघ मारली. "शेताच्या कामाला वापरता का?"

दामूने क्षणभर खरोखर विचार केला. तेवढ्यात आतले डॉक्टर बाहेर आले. त्यांनी सांगितलं की इथे एक्स-रेचं मशीन नाही, ठाण्याला जावं लागेल. "पण खांदा म्हणताय, तर घेऊन या. चालताना बघितला तरी मला बरंच कळेल," ते म्हणाले.

"उद्या आणतो," असं म्हणून दामू जो निघाला तो तिथे पुन्हा फिरकला नाही.

रविवारी त्याने शेवटचा उपाय केला. मेजरला आणि रंजिताला घेऊन तो गावी, दिघाशीला, आईकडे गेला. जाईबाईंच्या हाताखालून चाळीस वर्षांत किती बैल गेले होते, आणि बैलाचा खांदा जुवाने सुजला की काय करायचं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी मेजरला अंगणात आडवा घातला, हळद तेलात कालवली, कोमट केली आणि मानेपासून पायापर्यंत चोळायला घेतली. मेजरने डोळे मिटून घेतले.

"किती दीस लंगडतंय ह्ये?" जाईबाईंनी विचारलं.

"लंगडत न्हाय आये, चालच तशी हाय त्याची."

"मना शिकवतोस?" त्या हात न थांबवता म्हणाल्या. "खांदा आलेल्या बैलाला औताला जुंपीत न्हाय कोनी. आन तू ह्याला जिन्यावर पलवतोस, रंजिता सांगत व्हती."

दामूने रंजिताकडे बघितलं. रंजिता कोंबड्यांकडे बघत होती.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा मेजरचा पुढचा अर्धा भाग पिवळाधमक झाला होता. आंघोळ घालावी म्हणून दामूने बादली भरायला लावली आणि दाराची बेल वाजली. दारात भूपेशसर आणि हेमालीमॅडम, दोघंही जरीच्या कपड्यांत. भिवंडीत एका साखरपुड्याला आले होते. म्हटलं, जाता जाता मुलगा बघून जावं.

हेमालीमॅडमनी मेजरकडे बघितलं आणि दोन्ही हात गालांवर ठेवले. "अय्या! हळदसुद्धा लागली?"

सर मोठ्याने हसले. दामूही हसला. आजच्या मुहूर्तावर आईने हौसेने लावली, असं काहीतरी तो म्हणाला. रंजिताने पोहे टाकले. नरेंद्रभाऊंना कोणी बोलावलं नव्हतं, पण खाली गाडी दिसल्यावर ते वर येणारच होते. मेजर चटईवर बसलेला होता, आणि बसलेला मेजर कसा दिसतो हे वर सांगितलंच आहे. सगळं सुरळीत चाललं होतं. मग पोह्यांची बशी खाली ठेवून हेमालीमॅडम म्हणाल्या, "जरा चालवून दाखवता का त्याला? सहजच हो."

रीमा तेव्हा पाण्याचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

गेल्या डिसेंबरात याच खोलीत कल्याणचे लोक आले होते. त्यांतल्या एका मावशीने हेच म्हटलं होतं, याच शब्दांत. 'मुलीला जरा चालायला सांगा, सहजच हो.' रीमा बी.कॉम. झालेली, नोकरी करणारी. तिने बापाकडे बघितलं होतं, आणि बाप म्हणाला होता, "जा बेटा, त्या खिडकीपर्यंत जाऊन ये." ती गेली, आली. सगळ्यांनी तिच्या पायांकडे बघितलं. दामूनेसुद्धा बघितलं, कारण तेव्हा दुसरीकडे कुठे बघावं हे त्याला सुचलं नव्हतं. ते आठवलं आणि त्याचे कान तापले.

आता खरं तर 'तो लंगडतो' एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण दामू म्हणाला, "तो आत्ताच जेवलाय. जेवल्यावर चालत नाही."

"काय बोलता तरेसाहेब!" नरेंद्रभाऊ मदतीला धावले. "अहो मॅडम, हा चार मजले दहा वेळा चढतो! मी स्वतः बघतो ना रोज. मेजर, ये इकडे, ये!" आणि त्यांनी बिस्कीट दाखवलं.

दामूचा अभ्यास असा होता की मेजरची दोन पावलं बिनधोक पडतात, लंगडणं कळतं ते तिसऱ्या पावलाला. नरेंद्रभाऊ पाच पावलांवर बसले होते. मेजर उठला. एक, दोन. तिसऱ्या पावलाला मान खाली गेली, चौथ्याला वर आली, आणि बिस्कीट मिळाल्यावर त्याने उजवा पाय अलगद उचलून धरला.

"हा पुढचा पाय जपतोय का?" हेमालीमॅडमनी हळूच विचारलं.

"हळद ओली आहे ना," दामू म्हणाला. "फरशीला चिकटते."

भूपेशसरांनी पोह्यातलं खोबरं बाजूला काढलं. "पप्पा," एवढंच रीमा म्हणाली, आणि ट्रे घेऊन परत आत गेली. हेमालीमॅडम मात्र रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, बुधवारी ठाण्याला आमच्या डॉक्टरांकडे रोझीची तपासणी आहेच, तुम्हीही या, एकदमच होऊन जाईल. वरपक्षाची 'घरी विचारून सांगतो' म्हणायची तेव्हा हिंमत झाली नाही.

बुधवारी दामू, रंजिता आणि मेजर रिक्षाने ठाण्याला गेले. हळद तीन आंघोळींनी फिकी झाली होती, गेली नव्हती. डॉक्टर विशाल हा तिशीतला शांत माणूस. त्यांनी मेजरला गुंगीचं इंजेक्शन दिलं, टेबलावर आडवा केला, आणि काढायच्या त्या सगळ्या प्लेटा काढल्या. मेजरला उचलून नेल्यावर टेबलाच्या पांढऱ्या चादरीवर त्याच्या आकाराचा पिवळा डाग राहिला. डॉक्टरांनी त्या डागाकडे बघितलं.

"हळद," दामू म्हणाला. "आईने लावली."

"बरं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी काही म्हटलं असतं तर दामूला बरं वाटलं असतं.

रोझीचं सगळं स्वच्छ निघालं. मग त्यांनी मेजरच्या खांद्याचा फोटो स्क्रीनवर लावला आणि दोन्ही बाजूंना जवळ बोलावलं. दंडाच्या हाडाचं डोकं गोल गुळगुळीत असायला हवं, ते एके ठिकाणी बोटाने दाबल्यासारखं चपटं दिसत होतं. डॉक्टर समजावत होते. मोठ्या जातीची पिल्लं भराभर वाढतात, तेव्हा सांध्यातली कूर्चा कधी कधी नीट धरत नाही. ती आत फाटते, तिचा पापुद्रा सुटतो आणि चालताना टोचत राहतो. काही कुत्र्यांत ते जन्माचंच असतं, म्हणून याच्याकडून पिल्लं नकोतच. पण पिल्लाचं वजन फार वाढवलं, कॅल्शियम जास्त दिलं, उड्या मारायला लावल्या, तर जे थोडक्यात भागलं असतं ते वाढतं.

दामू स्क्रीनकडे बघत राहिला. इतरांनी आपल्याकडे बघू नये म्हणून तोही मन लावून बघत होता.

"किती दिवस लंगडतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन आठवडे," दामू म्हणाला.

रंजिताने खाली फरशीकडे बघितलं.

"पक्कं? फोटोवरून मला जरा जुनं वाटतंय. कसंय, जुनं असेल तर नुसत्या आरामाने भागत नाही. तो पापुद्रा ऑपरेशन करून काढावा लागतो, नाहीतर सांधा आतून घासत जातो आणि पाय कायमचा अधू होतो. दोन आठवडेच असतील तर मी आधी आराम देऊन बघेन. म्हणून विचारतोय."

भूपेशसर शेजारी उभे होते. हेमालीमॅडम होत्या. त्यांच्या पायाशी रोझी होती, चारही पायांवर भक्कम.

"पक्कं," दामू म्हणाला. "दोन आठवडे."

डॉक्टरांनी लिहून दिलं. महिनाभर आराम, वजन कमी, जिना बंद. स्थळ तर मोडलंच होतं, पण इज्जत जाता जाता राहिली, असं दामूने स्वतःला सांगितलं. मेजर तासाभराने शुद्धीवर आला. तिघं बाहेर आले. सकाळचाच रिक्षावाला थांबलेला होता, गोरखपूरकडचा, आधी भिवंडीत लूमवर कामाला असलेला. मेजरने रिक्षात डावा पाय ठेवला, उजवा उचलायचा प्रयत्न केला, जमला नाही तेव्हा वळून दामूकडे बघितलं आणि कोणीतरी उचलून ठेवील म्हणून मुकाट्याने उभा राहिला. तो रोज असाच उभा राहत होता. दामूने त्याला उचलून आत ठेवलं.

"भाईसाब, कब से लंगड़ा रहा है ये?" रिक्षावाल्याने विचारलं.

"दस महीने से," दामू म्हणाला.

बोलून झाल्यावर त्याला आपला आवाज ऐकू आला. किती सहज आला होता. ज्या माणसाचं आपल्याशी काही देणंघेणं नाही, जो उद्या भेटणारही नाही, त्याला खरं सांगायला अर्धा क्षणही लागला नव्हता. आणि ज्याच्या हातात या मुक्या जिवाचा पाय होता, त्याच्यापुढे आपण छाती काढून पक्कं म्हणालो, तेही साहेबाच्या बायकोला आपली लाज दिसू नये म्हणून. दामूला स्वतःची शिसारी आली. रंजिताने मेजरचं डोकं मांडीवर घेतलं आणि रिक्षावाल्याला सांगितलं, "भैया, दो मिनट रुको."

दामू परत आत गेला. वाटलं होतं, सर आणि मॅडम तोवर गेले असतील. ते दोघंही तिथेच होते, डॉक्टरांशी रोझीच्या लसीबद्दल बोलत होते. हे गेल्यावर सांगावं, असं त्याला वाटलं. मग वाटलं, हे गेल्यावर आपण सांगणार नाही.

"डाक्टर," तो म्हणाला. गोदामातलं त्याचं मराठी कुठेतरी राहून गेलं होतं. "दोन आठवडे न्हाय. दहा महिने झाले. मी खोटा बोललो."

डॉक्टरांनी मघाचा कागद मागून घेतला, त्यावर आडवी रेघ मारली आणि नवीन कागद घेतला.

"कॅल्शियम देत होतात?"

"हो. तीन वेळा."

"कोणी सांगितलं होतं?"

नरेंद्रभाऊंचं नाव जिभेवर आलं होतं. "मीच देत होतो," दामू म्हणाला.

"जिना?"

"दहा फेऱ्या. चार मजले. मी वर उभा राहून मोजायचो."

"लंगडायला लागल्यावरही?"

दामूने होकाराची मान हलवली. हेमालीमॅडमचा हात रोझीच्या मानेवर होता, तो तिथेच थांबला. भूपेशसर खिडकीतून बाहेर रस्त्याकडे बघत होते. ते तसेच बाहेर बघत म्हणाले, "तरे, ऑपरेशनच्या दिवशी कामावर येऊ नका. मी बघतो." दामूला वाटलं, यापेक्षा त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सांधा किती घासलाय ते उघडल्यावरच कळेल," डॉक्टर म्हणाले. "आठ-नऊ महिन्यांपूर्वी आला असतात, तर..." ते भले माणूस होते, त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. मग त्यांनी ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म पुढे केला आणि कुठे सही करायची तिथे बोट ठेवलं.

दामूने नाव लिहिलं, पत्ता लिहिला. सहीच्या जागेखाली छापलं होतं: मालक / पालक, नको असेल ते खोडा. त्याने पेन थोडा वेळ वर धरला, मग 'पालक' या शब्दावर एक सरळ रेघ ओढली.

"अहो, ते नाही," डॉक्टर म्हणाले. "सगळे दुसरं खोडतात."

"असू दे," दामू म्हणाला, आणि खाली सही केली.